जपांडी घरातलं पाऊल

माझी माय लाखनीत वारली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः तुमसरच्या बसस्टँडवर गरम भजी खात होती. हे मला नंतर कळलं. तिला तर त्याच्याही नंतर कळलं.

सुरुवात आमच्या लेकीपासून झाली. तेजू पुण्यात नोकरीला आहे. दसऱ्याच्या सुमारास तिनं मोबाइलवर काही फोटो पाठवले. फोटोत एक घर होतं. (म्हणजे खाली तसं लिहिलं होतं म्हणून घर. एरवी पाहणाऱ्याला वाटावं, चोर सगळं घेऊन गेले आणि जाताना झाडून-पुसून गेले.) मातकट पांढऱ्या भिंती, जमिनीलगतचं एक बुटकं लाकडी टेबल, छताला कागदाचा गोल दिवा आणि कोपऱ्यात मडक्यात खोचलेली एक वाळकी फांदी. बाकी काही नाही.

"बाबा, याला जपांडी म्हणतात," तेजू फोनवर म्हणाली. "जपानची पद्धत अन् तिकडच्या थंड देशांची, स्वीडन-डेन्मार्ककडची, दोन्ही एकत्र केल्या की जपांडी. घरात कमीत कमी सामान. मन शांत होतं."

माझं मन बरीच वर्षं शांत नव्हतं. हायवेवर माझं मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दिवसभर ट्रकांचे हॉर्न ऐकून घरी यावं, तर घरात पाऊल टाकायला जागा नाही. बैठकीतच मायची खाट. खाटेशेजारी दोन पत्र्याच्या पेट्या. त्यांच्यावर भंडाऱ्याहून हौसेनं आणलेले पितळेचे गुंड, म्हणजे पाण्याचे मोठे हंडे, एकावर एक. भिंतीवर देवांचे फोटो आणि मागच्या कित्येक वर्षांची कॅलेंडरं, कारण त्यांच्यावरही देवच. माय काहीही फेकत नाही. फुटलेली बादलीसुद्धा तिच्या लेखी नुसती आजारी असते.

आणि नेमकी तेव्हाच माय बपेऱ्याला तिच्या भावाकडे गेली. लवकर पिकणारा हलका धान कापायला आला होता, भावाच्या हाताखाली दोन हात होतील म्हणून. माय मोबाइल वापरत नाही. ज्याला बोलायचं असेल त्यानं समोर यावं, असं तिचं म्हणणं.

"अजी, माय आल्यावर तिले इचारून करू," माझी बायको सुलभा म्हणाली.

"माय असली तं होऊच देणार नाई," मी म्हणालो, आणि पेंटरला बोलावलं.

पेट्या आणि गुंड दुकानाच्या गोदामात गेले. देवांचे फोटो आतल्या देवघरात गेले. राहिली खाट. ती गोदामाच्या दारातून जाईना. रामाजी नावाचा आमचा ओळखीचा माणूस तलावातले मासे घेऊन दारावर येतो. त्याला म्हटलं, घेऊन जा.

रामाजी खाटेकडे पाहत राहिला. "मायची खाट काहून देऊन राहिले जी?"

मी पेंटरच्या मागे होतो, घाईत होतो. आता घरात सगळेच जमिनीवर गादी टाकून झोपणार, एवढं सगळं सांगत कोण बसणार? मी म्हणालो, "आता मायले खाटेचं काम नाई राहिलं."

रामाजीनं डोक्याचं फडकं काढलं. थोडा वेळ मान खाली घालून उभा राहिला. मग भावाला बोलावून खाट उचलून घेऊन गेला. मला वाटलं, खाट जड असेल.

त्याच दिवशी मी शिडीखाली उभा राहून वर पाहत होतो, भिंतीचा रंग फोटोसारखा येतो की नाही ते. शिडीवरचा डबा कलंडला. चुना आणि डिंक घातलेला तो रंग माझ्या डोक्यावर आणि मिशांवर असा काही बसला, की न्हाव्यानं दोनदा धुवून पाहिलं आणि वस्तरा काढला. डोकंही गेलं, मिशीही गेली.

"जपानातले साधू असेच असतात," मी घरी येऊन सुलभाला म्हणालो. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तोंड फिरवलं.

शनिवारी संध्याकाळी काम संपलं. पेंटर गेला. मी बैठकीच्या मधोमध उभा राहिलो. घर अगदी फोटोसारखं झालं होतं, आणि मला तिथे एकट्यानं उभं राहवेना.

"सुलभा," मी हाक मारली.

"...भा," घर म्हणालं. जरा उशिरानं म्हणालं, आणि तो आवाज पुरता माझा वाटला नाही.

हायवेवरून ट्रक गेला की आमचं घर पहिल्यापासून हादरतं. पण आधी हादरलं की गुंड किणकिणायचे, पेट्यांची झाकणं वाजायची, आणि आम्हाला त्या आवाजाची सवय होती. आता वाजायला काहीच नव्हतं. घर नुसतंच थरथरायचं. वाऱ्याची झुळूक नसताना छताचा कागदी दिवा हळूहळू डोलायला लागायचा, आणि त्याबरोबर भिंतीवरची वाळक्या फांदीची सावली लांब बोटांनी भिंत चाचपडायची.

सगळ्यात वाईट जमीन होती. मायची खाट वर्षानुवर्षं होती तिथल्या फरशीचा रंग उडालेला नव्हता. बाकीची फरशी मळकट, आणि तेवढा तुकडा स्वच्छ, उजळ, माणूस आडवा निजावा एवढा. सुलभा त्याच्यावर पाय देईना. बैठकीतून स्वयंपाकघरात जाताना भिंतीला चिकटून जायची.

त्यावरही माझ्याकडे जपानी उपाय होता. ते लोक फळीवर वाळू पसरून तिच्यावर रेघा ओढतात, असं एका फोटोत होतं. मी वैनगंगेची वाळू दोनदा चाळून घेतली, त्या उजळ तुकड्यावर फळी ठेवून पसरली आणि कंगव्यानं सरळ रेघा ओढल्या. शेजारी मंद उजेडासाठी एक पणती लावली.

"अजी, हे बरं नाई वाटत," सुलभा म्हणाली.

"काहून?"

"काहून ते नाई सांगता येत. पण बरं नाई वाटत."

रविवारी सकाळी तिनंच मला उठवलं. दंड धरून बैठकीत नेलं. दाराला कडी होती. खिडक्या बंद होत्या. वाळूतल्या रेघा मी ओढल्या तशाच होत्या, आणि त्या रेघांवर एक हात उमटला होता.

इवलासा हात. चार बोटं, पसरलेली. त्याच्या पुढे तसाच दुसरा, मग आणखी एक. वाळूच्या कडेपर्यंत ते हात चालत गेले होते आणि तिथे संपले होते.

"कोण आलं होतं?" सुलभानं माझ्या पाठीमागून विचारलं.

"कोणी नाई."

"...नाई," घर म्हणालं.

वाळू हातानं सारखी करावी म्हणून मी वाकलो, पण हात पुढे जाईना. सुलभा कोपऱ्यात बसून रडायला लागली. "माय कशी असन तिकडं? मामाले फोन लावा." मी लावला. बपेऱ्याकडे टॉवर कधी आपला पकडतो, कधी मध्य प्रदेशचा, कधी कोणताच नाही. मामा लागला नाही. तसंही माय त्याच दिवशी संध्याकाळी परत येणार होती. मी स्वतःलाच सांगितलं, की घाबरायचं कारण नाही, आणि मग दिवसभर स्वतःला तेच सांगत राहिलो.

दुपारी समोरच्या घरचे डोमाजी आणि त्यांची बायको वच्छलाबाई आले. चपला फाटकाबाहेर काढल्या. आवाज न करता आत आले आणि भिंतीला टेकून खाली बसले. बसायला खुर्ची मागितली नाही. मला फार बरं वाटलं. आपलं घर पाहायला कोणीतरी आलं होतं, आणि कसं बसायचं ते त्यांना न सांगता कळलं होतं.

"कवा झालं?" डोमाजींनी हलक्या आवाजात विचारलं.

"कालच झालं जी."

"एकाएकीच म्हणा."

"एकाएकी कायचं? लय दिवसापासून मनात होतं. योग येत नव्हता."

डोमाजी माझ्या गुळगुळीत डोक्याकडे पाहत राहिले. वच्छलाबाईंनी विचारलं, "मंग आता कसं वाटते?"

"मोकळं वाटते," मी छातीभर श्वास घेऊन म्हणालो. "लय अडगळ झाली होती घरात. माय असती तं जमलं नसतं. ती गेली अन् मंग जमलं."

वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, बाईला हेवा वाटला.

मग लोक येतच गेले. गल्लीतले आले, दुकानाशेजारचे आले, रामाजी आला आणि दाराशीच उभा राहिला. बाया सुलभाभोवती बसल्या. तिचे डोळे रडून सुजलेले होते. त्यांनी तिला जवळ घेतलं तशी ती पुन्हा रडायला लागली. मी चहाचं विचारलं, कोणीच घेतला नाही. "आज तुमच्या घरी चूल कायले पेटवता?" कोणीतरी म्हणालं आणि वरण-भाताचा डबा माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, किती माया आहे या लोकांना. नव्या घरासाठी जेवणसुद्धा घेऊन आले.

"पाहा, आता सारं जमिनीवरच," मी डोमाजींना दाखवलं.

"साऱ्याईले जमिनीवरच यायचं हाय," डोमाजी म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या.

कोणी खोकलं तरी घर ते परत ऐकवत होतं. हायवेवरून एक जड गाडी गेली, कागदी दिवा डोलला, आणि पंधरा-वीस माणसं मान वर करून त्याच्याकडे पाहत राहिली. एकानं हात जोडले.

मग वच्छलाबाई सरकत सरकत पणतीपाशी गेल्या आणि वाळूवर वाकल्या. "पाऊल उमटलं काय?" असं म्हणाल्या आणि एकदम मागे झाल्या. "पाऊल नाई हे. हात हाय."

आमच्याकडे घरात कोणी गेलं की जिथे जीव गेला तिथे दिवा लावतात. दिव्याशेजारी पीठ पसरतात. सकाळी पिठात जे पाऊल दिसेल त्यावरून गेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला ते ओळखतात. हे मला लहानपणापासून माहीत आहे. माझ्या वडिलांच्या वेळी मी स्वतः ते पीठ पसरलं होतं. पण मोबाइलवर पाहून केलेली गोष्ट माणसाला आपल्या घरातली वाटतच नाही. आता मी पणतीकडे पाहिलं, वाळूकडे पाहिलं आणि स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला.

कोणी शहाणा असता तर त्याच्या लक्षात आलं असतं, की या लोकांचा गैरसमज झाला आहे. माझ्या लक्षात आलं ते वेगळंच. माय गेली. बपेऱ्याला गेली. या सगळ्यांना बातमी कळली आणि मला सांगायचा कोणाला धीर होत नाही. म्हणूनच मामाचा फोन लागत नाही.

"तुमाले कवा समजलं?" मी विचारलं.

"कालच," डोमाजी म्हणाले. "साऱ्या लाखनीले माहीत हाय."

मी वाळूच्या फळीशेजारी त्या उजळ फरशीवर कोसळलो. जिथे मायची खाट होती तिथे कपाळ टेकवून रडलो. मला रडताना पाहून सुलभा ओरडून रडली, आणि मग कोणालाच आवरलं नाही. त्या रिकाम्या घरात एक माणूस रडला तरी चार रडल्यासारखे वाटायचे. आम्ही तर पंधरा-वीस होतो.

कोण आधी गप्प झालं ते आठवत नाही. पण एकेक जण गप्प होत गेला, आणि मी मान वर केली. मावळतीचं ऊन दारातून सरळ समोरच्या भिंतीवर पडलं होतं. त्या पांढऱ्या भिंतीवर एक सावली उभी होती. लुगड्यातली बाई, डोक्यावर गाठोडं.

मागे वळून पाहायची कोणाची हिंमत होईना. सगळे भिंतीकडेच पाहत होते.

"कोण गेलं रे?" सावलीनं विचारलं.

"...रे," घर म्हणालं.

मी वळलो. दारात माय उभी होती. तिनं माझं डोकं पाहिलं, पणती पाहिली, रडून लाल झालेली माणसं पाहिली. गाठोडं खाली ठेवलं, उंबऱ्याजवळच बसकण मारली आणि कपाळावर हात मारून रडायला लागली. कोण गेलं ते नंतर कळेल, पण घरचं माणूस गेलं एवढं तिला दिसत होतं. ती रडायला लागली तशा सवयीनं दोन-तीन बायाही पुन्हा रडायला लागल्या, आणि मग आपण कोणाबरोबर रडतो आहोत ते ध्यानात येऊन गप्प झाल्या.

"सांगा ना कोणी," माय म्हणाली. "माहा भाऊ तं सकाळीच मले एसटीत बसवून गेला. मंग कोण गेलं?"

वच्छलाबाई दोन हात लांबूनच म्हणाल्या, "काकू, तुमीच."

"मी काय?"

"तुमीच गेल्या जी."

माय रडायची थांबली. "कवा?"

"काल."

मायनं थोडा विचार केला. "काल तं मी बपेऱ्यात धानाचे भारे बांधून राहिली होती."

डोमाजी उठले, जपून दोन पावलं पुढे आले आणि खाली वाकून मायचे पाय पाहिले. पायांना वाळलेला चिखल होता. "सरळ हायत," त्यांनी मागे वळून सगळ्यांना सांगितलं. तेव्हा कुठे लोकांनी श्वास सोडला.

मी धावत जाऊन मायला मिठी मारली. तिच्या लुगड्याला धानाच्या तणसाचा आणि भज्यांच्या तेलाचा वास येत होता. आयुष्यात इतका चांगला वास मी घेतलेला नाही. तिनं मला थोडा वेळ तसंच राहू दिलं, मग बाजूला सारलं आणि घरभर नजर फिरवली. पांढऱ्या भिंतींवरून, वाळक्या फांदीवरून ती नजर पणतीपाशी येऊन थांबली.

"हा दिवा माह्यासाठी?"

"नाई माय. तो जपानी हाय."

ती म्हणाली, "मी गेली तं गेली. माही खाट कुठं गेली?"

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. रामाजी पुढे आला. "माह्याकडं हाय, माय. यायनं सांगतलं तुमाले आता खाटेचं काम नाई राहिलं. मी बी साऱ्याईले तसंच सांगतलं." आणि तो खाट आणायला गेला.

खाट आली, वाळूची फळी बाजूला सरकली, खाट आपल्या जागेवर टेकली, आणि त्या दणक्यानं बुटक्या टेबलाखालून एक भला मोठा बेडूक बाहेर आला. कोणाकडेही न पाहता तो वाळूवरून आरामात चालत पलीकडे गेला. मागे इवलेसे हात उमटले, चार-चार बोटांचे. सगळे त्या हातांकडे पाहत राहिले.

"हा तं माह्या पेटीखालचा बेंडूक," माय म्हणाली. "पेटी हलवली असन यानं. आता तो तरी कुठं जाईन?"

माय खाटेवर बसली आणि तिनं वरण-भाताचा डबा मागितला. वच्छलाबाई चाचरल्या. "काकू, तो सुतकाचा हाय."

"माह्याच नावाचा हाय ना? मंग द्या इकडं. सकाळपासून नुसती भजी खाल्ली."

ती जेवली. सगळ्यांच्या देखत, पोटभर जेवली. मग लोकांनी चहा घेतला, गाठोड्यातले नव्या धानाचे पोहे खाल्ले, आणि जाताना प्रत्येक जण तिच्या पाया पडून गेला. घर रिकामं झाल्यावर मायनं सुलभाला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "हा लय रडला काय माह्यासाठी?"

"लय रडले, माय. जमिनीवर डोकं टेकून रडले."

माय खाटेवर आडवी झाली, भिंतीकडे तोंड केलं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "भिंत बाकी चांगली केली." दुसऱ्या दिवशी पेट्या, गुंड आणि कॅलेंडरं परत आली. भिंतीचा रंग तेवढा राहिला, कारण तो निघत नव्हता.

मेल्याची बातमी पसरवायला एक रामाजी पुरला. ती परत कशी घ्यायची, ते मात्र कोणालाच माहीत नव्हतं. पुढे कितीतरी दिवस लांबलांबच्या गावांहून नातेवाईक भेटायला येत राहिले. माय दारातच बसलेली असायची. तिला पाहून माणूस आधी दचकायचा, मग पायांकडे पाहायचा, मग बसायचा. एक दिवस साकोलीकडचे एक म्हातारे पाहुणे आले. त्यांचं दचकून झालं, पाय पाहून झाले, पाणी पिऊन झालं. मग त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात मायला विचारलं, "तुमी तं चांगल्या हा. मंग गेलं कोण?"

"कोणी नाई गेलं जी," माय म्हणाली. "याचं डोकं तेवढं गेलं होतं." आणि माझ्या डोक्यावर नुकत्याच उगवलेल्या खुंटांवरून हात फिरवत तिनं त्यांना धीर दिला, "आता येऊन राहिलं थोडं थोडं."